मोकळा सोडलेला माणूस

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळायचं ठरलं, की पहिला हिशेब असतो तो समोरच्या अकरा जणांपैकी कोणाला कोण अडवणार याचा. ट्रिपल ऑप्शन नावाच्या आक्रमणात हा हिशेब उलट्या बाजूने सुरू होतो. समोरच्या दोघांना कोणीही अडवायचं नाही, हातसुद्धा लावायचा नाही, हे डाव सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. हे दोघे लांब कोपऱ्यात उभे असलेले निरुपद्रवी खेळाडूही नव्हेत. त्यांतला एक बहुतेक वेळा बचावफळीच्या टोकाचा डिफेन्सिव्ह एंड असतो, शंभर-सव्वाशे किलोचा, अंगावर धावून येण्यासाठीच तयार केलेला. त्याला मोकळा सोडायचा, तो कुठे वळतो ते बघायचं आणि त्यावरून सेकंदभराच्या आत चेंडूचं काय करायचं ते ठरवायचं. ठरवणारा एकटा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव सुरू होताच चेंडू ज्याच्या हातात येतो तो खेळाडू.

इतर संघांत नवा क्वार्टरबॅक आला की लोक विचारतात, पास किती लांब जातो, किती नेमका जातो. ऑप्शन खेळणाऱ्या संघात नवा मुलगा उभा राहतो तेव्हा हे प्रश्न मागे पडतात, आणि जो प्रश्न खरा असतो त्याचं उत्तर सरावात मिळत नाही. सरावात क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाचा सदरा असतो. त्याला कोणी पाडायचं नाही असा नियम असतो. मोकळा सोडलेला माणूस त्याच्याजवळ येऊन थांबतो. सामन्यात तो थांबत नाही. त्यामुळे या आक्रमणातला प्रत्येक क्वार्टरबॅक पहिल्या सामन्यापर्यंत न पारखलेलाच असतो, मग तो संघात तीन वर्षं का असेना. प्रशिक्षकाने त्याला कशावरून निवडायचं, हा या खेळातला मला सर्वांत ओढ लावणारा प्रश्न आहे.

आधी हे आक्रमण टिकतं कशावर ते पाहू. नेहमीच्या धावेच्या डावात क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हातात ठेवून बाजूला होतो. तो आणि चेंडू घेतलेला असे दोघे वजा केले की अडवायला उरतात नऊ आणि समोर असतात अकरा. ऑप्शनमध्ये चेंडू घेऊ शकणारे तिघे: क्वार्टरबॅक, त्याच्या मागचा फुलबॅक आणि बाहेरून पळणारा तिसरा. म्हणून अडवायला आठच. पण समोरचे दोघे मुद्दाम मोकळे सोडलेत, तेव्हा अडवायचे राहिले नऊ. शिवाय फुलबॅक चेंडू मिळो न मिळो, मधल्या फळीत घुसतोच, आणि त्याच्यावर एखादा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, झडप घालतोच. आठाला आठ. संघातली पोरं समोरच्यापेक्षा हलकी असली, कमी नावाजलेली असली तरी हा हिशेब बदलत नाही. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या सैनिकी अकादम्यांनी हे आक्रमण वर्षानुवर्षं जपलं त्याचं कारण हेच. जिथे पदवीनंतर थेट लष्करी सेवा करायची असते तिथे दीडशे किलोचे लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत अडवणारे खेळाडू, मिळत नाहीत.

दुसरा हिशेब यार्डांचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, म्हणजे दर वेळी अडीच. बहुतेक संघ चौथ्या प्रयत्नाला चेंडू लाथेने लांब धाडून प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करतात, म्हणजे त्यांच्या हातात प्रयत्न तीनच. ऑप्शनचा प्रशिक्षक चौथाही आपलाच धरतो. तीन यार्ड, तीन यार्ड, दोन यार्ड, तीन यार्ड असं सरकत राहायचं. पंधरा-पंधरा डावांची एक मालिका, घड्याळ चालूच, आणि समोरचा नामवंत क्वार्टरबॅक बाकावर बसून. २२ सप्टेंबर २०१८ रोजी आर्मीने ओक्लाहोमाविरुद्ध साठापैकी चव्वेचाळीस मिनिटांहून जास्त वेळ चेंडू आपल्याकडे ठेवला आणि सामना अतिरिक्त वेळेपर्यंत नेला. ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक होता कायलर मरे, ज्याने त्याच वर्षी कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकली. आर्मीच्या केल्विन हॉपकिन्सचा मुख्य क्वार्टरबॅक म्हणून तो पहिलाच हंगाम. आर्मी २१–२८ हरली, पण तो सामना पाहिलेला माणूस या आक्रमणाला जुनाट म्हणणार नाही.

आता प्रत्यक्ष डाव. फ्लेक्सबोन या आजच्या प्रचलित मांडणीत क्वार्टरबॅक थेट सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, मागे हात घालून उभा असतो. त्याच्या मागे, चेंडूपासून साधारण पाच यार्डांवर फुलबॅक; प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांच्या शब्दावलीत बी-बॅक. फळीच्या दोन्ही टोकांच्या टॅकलच्या जरा बाहेर आणि यार्डभर मागे एकेक ए-बॅक. मैदानाच्या दोन्ही कडांकडे एकेक पास झेलणारा रिसीव्हर. लाइनमन एकमेकांत जवळजवळ तीन फुटांची फट ठेवतात आणि चेंडूपासून नियम परवानगी देईल तितके मागे बसतात, म्हणजे कोन साधायला जागा मिळते. चेंडू सुटण्याच्या क्षणभर आधी एक ए-बॅक मागच्या बाजूने पळू लागतो. तिसऱ्या पर्यायासाठी त्याला वेळेवर दुसऱ्या टोकाला पोचायचं असतं. तो अर्ध्या पावलाने उशिरा निघाला तरी पुढचं सगळं बिघडतं, आणि प्रेक्षकांचा राग मात्र क्वार्टरबॅकवर निघतो.

उजवीकडचा डाव धरू. चेंडू हातात येताच क्वार्टरबॅकचं पहिलं पाऊल उजवीकडे तिरकं मागे पडतं, दोन्ही हातांनी चेंडू मागे, बी-बॅकच्या पोटाच्या खोबणीत जातो. बी-बॅक सेंटरशेजारच्या गार्डच्या बाहेरच्या कुल्ल्याचा नेम धरून पूर्ण वेगाने येत असतो. आता क्वार्टरबॅकची नजर चेंडूवर नसते, बी-बॅकवरही नसते. ती टॅकलच्या बाहेर मोकळ्या सोडलेल्या पहिल्या माणसाच्या जवळच्या खांद्यावर असते. दोघांचे हात एकाच चेंडूवर असण्याच्या या क्षणाला मेश म्हणतात. चेंडू बी-बॅकच्या मागच्या कुल्ल्यापासून पुढच्या कुल्ल्यापर्यंत त्याच्याबरोबर सरकतो, आणि तेवढ्यात निकाल लागला पाहिजे. नियम एका ओळीचा: चेंडू बी-बॅकला द्यायचा, जर तो मोकळा माणूस बी-बॅकला पाडू शकत नसेल तर. त्याचा खांदा आत वळला, तो बी-बॅककडे झेपावला, की चेंडू काढून घ्यायचा. या नियमाची मांडणी महत्त्वाची आहे. ‘देणं’ हे गृहीत, ‘काढणं’ हा अपवाद. नवख्याला दोन सारखे पर्याय दिले तर तो मध्येच अडकतो. एक गृहीत आणि एक अपवाद दिला तर डोक्याचं काम निम्मं होतं.

बी-बॅकलाही नियम आहे. चेंडू घट्ट आवळायचा नाही. हातांची खोबण मऊ ठेवायची. क्वार्टरबॅकने चेंडू सोडला की मगच आवळायचं. चेंडू कोणाचा याबद्दल दोघांच्या मनात तसूभरही वेगळं असलं तर तो जमिनीवर पडतो. नव्या क्वार्टरबॅकच्या पहिल्या सामन्यात चेंडू बहुधा इथेच निसटतो. दुसरी जागा सेंटरकडून चेंडू घेतानाची. घाईत तो पाऊल आधी उचलतो, हात सेंटरच्या खालून लवकर निघतात, आणि मेशपर्यंत पोचायच्या आतच खेळ संपतो. पावसात दोन्ही धोके वाढतात.

चेंडू काढून घेतला की पुढचा प्रश्न दुसऱ्या मोकळ्या माणसाचा. इथे नवखे क्वार्टरबॅक एक ठरावीक चूक करतात: ते बाहेर, बाजूच्या रेषेकडे पळू लागतात. मग तो दुसरा माणूस निवांत त्यांच्यासोबत सरकतो आणि दोघांनाही सांभाळतो. पळायचं थेट त्याच्यावर, त्याच्या आतल्या खांद्याच्या रोखाने, की त्याला निवड करावीच लागेल. चढाईला गेलेल्या कबड्डीपटूची हूल अशीच असते. अंगावर गेल्याशिवाय बचावातला गडी पाय उचलत नाही. तो क्वार्टरबॅककडे वळला, की चेंडू बाहेरच्या ए-बॅककडे उडवायचा. ए-बॅकने चार-पाच यार्ड बाहेर आणि यार्डभर मागे राहायचं. चेंडू छातीपासून ढकलायचा, अंगठा खाली वळवत, आणि पाऊल त्याच दिशेला टाकत. ही फेक मागच्या दिशेची असल्याने चेंडू चुकून जमिनीवर पडला तर खेळ थांबत नाही; जो झडप घालेल त्याचा तो होतो. म्हणून शंका असेल तर उडवायचा नाही, चेंडू छातीशी धरून खाली पडायचं. दोन यार्ड गेले तर गेले.

आणि इथेच माझ्या मते निवडीची कसोटी आहे. या आक्रमणात चुकीचा निर्णय फार महाग नसतो. बी-बॅकला द्यायला नको होता आणि दिला, तर तो पडतो, एखादा यार्ड जातो. महाग असतो तो उशिरा घेतलेला निर्णय. चेंडू पुढच्या कुल्ल्यापलीकडे गेला आणि मग क्वार्टरबॅकला वाटलं की काढावा, तर चेंडू दोघांच्याही हातात राहत नाही. म्हणून सरावात बरोबर उत्तरं मोजून निवड करणारा प्रशिक्षक फसतो. चुकलेल्या डावांत मुलाचे हात किती ठाम होते ते मोजावं. बरोबर ओळखताना आणि चुकीचं ओळखताना ज्याचा वेग एकच राहतो, तो मुलगा सामन्यात टिकतो. ओळखणं पुढे सुधारतं, कारण समोरच्या फळीच्या खोड्या मोजक्याच असतात. संकोच सहसा सुधारत नाही.

टेक्सस विद्यापीठाची १९६८ ची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. एमरी बेलार्ड यांनी ट्रिपल ऑप्शनसाठी विशबोन ही मांडणी तयार केली आणि मुख्य प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांनी ती त्या हंगामात मैदानात उतरवली. पहिला सामना ह्यूस्टनशी २०–२० असा बरोबरीत सुटला; दुसरा टेक्सस टेकविरुद्ध २२–३१ असा गेला. क्वार्टरबॅक होता बिल ब्रॅडली, राज्यभर गाजलेला खेळाडू. त्या दुसऱ्या सामन्यातच रॉयल यांनी जेम्स स्ट्रीट या राखीव खेळाडूला आत पाठवलं. पास टाकणारा म्हणून त्याचं फारसं नाव नव्हतं; तो बेसबॉलचा उत्तम पिचर होता. त्याच सुमारास फुलबॅक स्टीव्ह वॉर्स्टरची जागा किंचित मागे सरकवली गेली. ही बारीक दुरुस्ती मला क्वार्टरबॅक बदलण्याइतकीच मोठी वाटते. फुलबॅक फार जवळ असला की मेश क्वार्टरबॅकची नजर स्थिरावायच्या आत उरकतो. तो थोडा मागून आला की बघायला क्षणभर जास्त मिळतो. पुढच्या सामन्यात टेक्ससने ओक्लाहोमा स्टेटला ३१–३ असं हरवलं आणि तिथून सलग ३० सामने जिंकले. स्ट्रीटने मुख्य क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात केलेले वीसच्या वीस सामने त्यांतले.

त्याचा सर्वांत गाजलेला डाव मात्र पास होता. ६ डिसेंबर १९६९, आर्कान्सासविरुद्ध शेवटच्या सत्रात टेक्सस ८–१४ मागे, चौथा प्रयत्न, तीन यार्ड हवे.  स्ट्रीटने रँडी पेशेलला ४४ यार्डांचा पास दिला, आणि टेक्सस १५–१४ जिंकलं. या आक्रमणात पासाची किंमत अशी ठरते. तो क्वचित येतो, पण आला की बचावाला अनपेक्षित येतो. जॉर्जिया टेकमध्ये २००९ साली डेमेरियस थॉमसने फक्त ४६ झेलांत १,१५४ यार्ड मिळवले, म्हणजे प्रत्येक झेलामागे पंचवीस. बचावात सर्वांत मागे उभे राहणारे सेफ्टी धाव अडवायला पुढे धावत होते आणि थॉमस त्यांच्या मागे पोचत होता.

जॉर्जिया टेक हे नाव अनेक मराठी घरांना माहीत आहे ते अभियांत्रिकीच्या प्रवेशांमुळे. अटलांटाच्या त्याच संस्थेत २००८ ते २०१८ या काळात पॉल जॉन्सन यांनी मोठ्या लीगमध्ये ट्रिपल ऑप्शन खेळवला. त्याआधी जॉर्जिया सदर्न आणि नेव्ही इथे तो त्यांनी घडवला होता. २०१७ च्या हंगामाच्या तोंडावर त्यांच्यापुढे जवळजवळ कोरी पाटी होती. तीन वर्षं आक्रमण सांभाळलेला जस्टिन थॉमस गेला होता. आदल्या वर्षीचा बी-बॅक ऑगस्टमध्ये संघाबाहेर झाला होता. क्वार्टरबॅक म्हणून उभा राहिला टाक्वॉन मार्शल, आधी ए-बॅकची जागा सांभाळलेला. पासाबद्दल साशंकता होती आणि ती पुढे खरीही ठरली; हंगामभरात त्याचे चाळीस टक्केही पास पूर्ण झाले नाहीत.

४ सप्टेंबर २०१७, टेनेसीविरुद्ध त्याचा पहिला सामना. मार्शलने ४४ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली, २४९ यार्ड मिळवले, पाच टचडाउन केले, म्हणजे पाचदा चेंडू गोलरेषेपार नेला. संघाने धावेतच ५३५ यार्ड केले. या ४४ च्या आकड्याकडे नीट पाहावं. ऑप्शनमध्ये क्वार्टरबॅकच्या धावांची संख्या बरीचशी समोरचा संघ ठरवतो. बचावफळीने बी-बॅक आणि ए-बॅक झाकायचं ठरवलं की चेंडू आपोआप क्वार्टरबॅककडे उरतो. नव्या मुलाविरुद्ध हा रास्त विचार आहे: त्याला पळू दे, मार खाऊ दे, तिसऱ्या-चौथ्या सत्रात त्याचे हात सैल होतील. मार्शलचे झाले नाहीत. शेवटच्या सत्रात संघ पुढे असताना चेंडू निसटला तो दुसऱ्याच्या हातून, आणि विजयी ठरू शकणारी ३६ यार्डांची किक अडवली गेली. दुसऱ्या अतिरिक्त सत्रात मार्शलने टचडाउन केला. ४१–४२ असताना जॉन्सन यांनी एका गुणाच्या किकने होणारी बरोबरी नाकारून तीन यार्डांवरून दोन गुणांचा प्रयत्न केला. चेंडू मार्शलकडेच राहिला आणि त्याला गोलरेषेआधी पाडलं. अनेकांनी त्या निर्णयावर टीका केली. मला तो पटतो. जो संघ दर डावाला अडीच यार्डांच्या हिशेबावर जगतो, त्याने तीन यार्डांवरून जिंकायचा प्रयत्न करायचा नाही तर कधी करायचा?

याच्या उलट बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये नेव्हीचा क्वार्टरबॅक विल वर्थ कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यात जखमी झाला आणि आठवड्याभरात, १० डिसेंबरला, झॅक एबीने मुख्य क्वार्टरबॅक म्हणून पहिला सामना खेळला तो थेट आर्मीविरुद्ध. धावण्यात तो कुठेच कमी पडला नाही. दोन टचडाउन केले. पण नेव्हीने चार वेळा चेंडू गमावला, सामना १७–२१ असा गेला आणि आर्मीवरची चौदा वर्षांची विजयमालिका तुटली. आठवड्याभरात मुलगा डाव पाठ करू शकतो. अकराजणांच्या वेळा त्याच्याशी जुळायला जास्त दिवस लागतात.

बचावाच्या खोड्या मोजक्या म्हटलं, पण त्या नवख्यासमोर एकामागून एक येतात. सर्वांत जुनी म्हणजे अदलाबदल: एंड आत बी-बॅकवर जातो आणि त्याच्या पाठीमागून लाइनबॅकर बाहेर येतो. क्वार्टरबॅक नियमाप्रमाणे चेंडू काढतो आणि त्या लाइनबॅकरच्या मिठीत जातो. इथे दोष त्याचा नसतो; उपाय लाइनमध्ये आहे, टॅकलने बाहेरून सुटून त्या लाइनबॅकरला गाठायचं. दुसरी खोडी अधिक त्रासदायक. एंड कोणाचीही निवड न करता सरळ मेशवर धावून येतो. त्यावर उपाय मिडलाइन. तिथे एंडऐवजी बचावफळीतला आतला टॅकल मोकळा सोडतात आणि बी-बॅक सेंटरच्या मागून सरळ जातो. पण मिडलाइनमध्ये बघायला आणखी कमी वेळ असतो, त्यामुळे नवा मुलगा तिथे डगमगतो. तिसरी खोडी दुसऱ्या मोकळ्या माणसाची: तो पुढे येतच नाही, लहान पावलांनी मागे-बाहेर सरकत राहतो, निर्णय लांबवतो. तेव्हा वाट बघायची नाही; चेंडू घेऊन आतल्या फटीतून वर निघायचं. मिळतील ते चार यार्ड चांगले.

नियमांनीही या आक्रमणाची जागा आवळली आहे. हलक्या लाइनमनचं मोठं हत्यार होतं कमरेखाली अडवणं. २०२२ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये ते टॅकल बॉक्सच्या, म्हणजे दोन्ही टॅकलच्या आसपासच्या पट्ट्याच्या, बाहेर बंद झालं. बाहेरच्या टोकाला ए-बॅकला आता मोठ्या माणसाला उभ्याने थोपवावं लागतं, त्यामुळे तिसरा पर्याय पूर्वीइतका धावत नाही. आर्मीने २०२३ मध्ये शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅकला सेंटरपासून काही यार्ड मागे उभं करून, ऑप्शन खेळून पाहिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा सेंटरच्या मागे हात घालणं पसंत केलं. त्या २०२४ च्या हंगामात ब्रायसन डेलीने धावून ३२ टचडाउन केले, आर्मीने बारा सामने जिंकले आणि कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं. ए-बॅककडची फेक आता कमी, क्वार्टरबॅकच्या अंगावर येणारा भार जास्त. म्हणजे नव्या मुलाची शारीरिक कसोटीही पूर्वीपेक्षा कठीण झाली.

तेव्हा ज्याच्या हाती असा नवा मुलगा आहे त्या प्रशिक्षकाने पहिल्या सामन्याची सुरुवात कशी आखावी? पहिल्या मालिकेत वाचायचं काहीच नसलेले डाव द्यावेत: बी-बॅकला ठरवून दिलेला चेंडू, मग ए-बॅककडे लगेच उडवायचा रॉकेट टॉस. यात मुलाला एक-दोन धक्के बसतात, हात ओले होतात, सेंटरशी ताल जमतो. शिवाय समोरचा एंड आत जातोय, मेशवर येतोय की जागेवर थांबतोय हे वरून बघणाऱ्या सहप्रशिक्षकाला कळतं. दुसऱ्या मालिकेत ट्रिपल, पण मोकळ्या, रुंद बाजूला, जिथे दुसऱ्या मोकळ्या माणसाला जास्त जागा सांभाळावी लागते. मिडलाइन त्यानंतर. पास एखादाच, आणि तो दुसऱ्या प्रयत्नाला, कारण तिसऱ्या प्रयत्नाला आठ यार्ड हवे असताना या संघाचा पास कोणालाच फसवत नाही. पहिला चेंडू निसटला तर पुढच्याच मालिकेत तोच डाव पुन्हा द्यावा, त्याच बाजूला, त्याच माणसावर.